पायी जाणाऱ्यांचा हिशेब आराखड्यात कुठे आहे?

मुंबईचा माणूस लोकलवर जगतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा सर्वंकष अभ्यास २००८ साली पूर्ण झाला, तेव्हा दिसले की इथे रोज होणाऱ्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायीच होतात. मुलांची शाळा, बाजारहाट, घरकाम करणाऱ्या भगिनींच्या चार सोसायट्या, सारे पायी. लोकलचा प्रवासीसुद्धा दोन्ही टोकांना पादचारीच असतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमाखर्च समोर आला की आधी खर्चाची बाजू पाहतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. दोन्हींवर पादचाऱ्याला व सायकलला मज्जाव आहे, मोटारसायकल आणि रिक्षालाही. पैसा मात्र सर्वांचा.

पादचाऱ्यांसाठी म्हणून काय झाले? तर स्कायवॉक. पहिला २००८ साली वांद्रे पूर्वेला झाला. गुडघे धरलेल्या म्हातारीने जिने चढायचे आणि मोटारींनी खालून सपाट जायचे, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो. अकरा वर्षांत, २०१९ साली, तोच स्कायवॉक धोकादायक ठरवून बंद करावा लागला. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलमार्ग झाला, पण तो संकुलातच सुरू होऊन संकुलातच संपणारा. कुर्ल्याहून सायकलने ड्युटीवर येणाऱ्या वॉचमनला त्याचा उपयोग किती? पुढे त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या.

नियोजन चुकले की काय होते, हे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर (आताचे प्रभादेवी) दिसले. सकाळची वेळ, वरून पाऊस, आणि परळला जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी. २३ जीव गेले. त्या दिवशी पावसाला दोष दिला गेला, अफवेला दिला गेला. आमच्या मते दोष फार जुना आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती उठल्या. झाडू मारणाऱ्यापासून कॉम्प्युटरवर बसणाऱ्यापर्यंत हजारो माणसे नव्याने तिथे येऊ लागली. इमारतींना परवानग्या मिळाल्या, पण ही माणसे कोणत्या जिन्याने उतरणार, याचा हिशेब कोणी मांडला नाही. पूल रेल्वेचा, रस्ता पालिकेचा, जमीन गिरणीची. माणूस मात्र कोणाच्याच फायलीत नाही. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला गेला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. म्हणजे पाच महिन्यांत होण्यासारखे ते काम होते!

प्रादेशिक नियोजन ते हेच. घरे, कामाची ठिकाणे आणि त्यांना जोडणारी पायवाट यांचा विचार एकत्र व्हावा, आणि एका नगरपालिकेची हद्द संपली म्हणून फूटपाथ संपू नये.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. जवळजवळ पाचातला एक.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि घाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, हे आपल्या घराघरांत ठाऊक असते. तिथे प्रश्न भेदभावाचा आहे. पण १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले: चालण्याजोगा, अडथळा नसलेला फूटपाथ मिळणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हा हक्क कागदावरून रस्त्यावर आणायची एक जागा कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. बिल्डर लोक त्या वेळी वकील घेऊन हजर असतात. आपल्या वस्त्यांतून अर्ज फारसे जात नाहीत. मुदत संपल्यावर मोर्चा निघतो. महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे, कारण अडचणीच्या जागा त्यांनाच अधिक ठाऊक असतात. अर्जात नुसते ‘गैरसोय होते’ असे लिहू नये. शिंप्याकडची टेप घ्यावी आणि मोजावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. खांब, गटाराचे झाकण, मोटार, जे आड येत असेल ते ठिकाणासह लिहावे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.