विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार वेग घेताच का थरथरते?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून 25-30च्या वेगाने जाताना जुनी एमजी किंवा ट्रायम्फ अगदी शहाण्यासारखी चालते. काटई-बदलापूर रस्त्यावर काटा 70च्या पुढे सरकला की मात्र स्टिअरिंग हातात थरथरू लागते. अशा वेळी बहुतेक मालक आधी अलाइनमेंट करून घेतात, मग टायर बदलतात, मग शॉकअप. खर्च वाढतो, थरथर तशीच राहते. खरे तर ती कोणत्या वेगाला आणि कोणत्या क्षणी येते, यावरच निम्मे निदान होते.

थरथर वेगाबरोबर का वाढते?

चाकाच्या कडेला एका बाजूला वजन जास्त असेल, तर फिरताना ते चाकाला बाहेर ओढते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. 14 इंची रिमवर केवळ 30 ग्रॅमचा फरक असला, तरी 80च्या वेगाला हा जोर सुमारे पावणेतीन किलो होतो आणि सेकंदाला 11 वेळा धक्का देतो. 40च्या वेगाला तो पाऊण किलोपेक्षाही कमी असतो. म्हणूनच शहरात हा दोष लपून राहतो आणि मोकळ्या रस्त्यावर उघडा पडतो.

दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

- 70 ते 90च्या दरम्यान थरथर येते आणि वेग आणखी वाढवला की कमी होते : चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असण्याची शक्यता सर्वाधिक.
- 20-30च्या वेगालाच स्टिअरिंग संथपणे डावीकडे-उजवीकडे डोलते : वाकडी रिम किंवा आतून फुगलेला टायर.
- फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते : पुढच्या डिस्कमध्ये किंवा ड्रममध्ये वाक.
- खड्ड्यात आदळल्यावर सुरू होते आणि वेग कमी करेपर्यंत थांबत नाही : ढिले झालेले जॉइंट, घासलेला किंगपिन किंवा निकामी शॉकअप.
- स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फरशी हादरते : मागची चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट.

आणखी एक सोपी चाचणी आहे. सरळ, रिकाम्या रस्त्यावर थरथर सुरू असताना क्षणभर क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. इंजिनाचे फेरे उतरताच थरथर थांबली, तर संशय इंजिन आणि त्याच्या माउंटिंगवर जातो. ती तशीच राहिली, तर दोष चाकांकडे किंवा प्रोपेलर शाफ्टकडे आहे.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात काय नडते?

पहिले कारण अगदी साधे, ते म्हणजे चिखल. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल वाळला की 30 ग्रॅमचा फरक सहज पडतो. त्यामुळे गॅरेजमध्ये जाण्याआधी चाके आतून धुऊन पाहावीत. दुसरे कारण खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. त्यांनी रिमची कड वाकते.

तिसरे कारण पुराचे पाणी. जुलै 2019मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ते अनेकांना आठवत असेल. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी चढले, तर ते बेरिंगमध्ये शिरून ग्रीस खराब करते. गाडी वाळल्यावर ठीक वाटते, पण काही महिन्यांनी बेरिंग घरघरू लागते. अशी गाडी पाण्यातून निघाल्यावर बेरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे हाच उपाय.

चौथे कारण म्हणजे गाडी उभी राहणे. केंद्राच्या 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. पण त्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशाच कामांसाठी त्यांना मुभा आहे. महिनोन्महिने एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. थोडे अंतर चालल्यावर ते पूर्ववत झाले तर ठीक, नाहीतर टायर बाद. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ‘2314’ म्हणजे 2014चा 23वा आठवडा. खाचा खोल दिसल्या, तरी 10 वर्षांपुढचा टायर वापरू नये.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

1. चाके धुणे, हवा तपासणे, टायरला फुगवटा आहे का पाहणे.
2. जॅकवर चाक उचलून, खाली स्टँड लावून, चाक हाताने फिरवणे. रिमजवळ स्थिर खडू धरला की वाक लगेच दिसतो. तो दीड-दोन मिलिमीटरहून जास्त नसावा.
3. बॅलन्सिंग. त्यानंतर पुढची चाके मागे लावून पाहणे. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे सरकली, तर दोष चाकातच.
4. चाक वर-खाली धरून हलवणे. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर बेरिंग ढिले. राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट.
5. चाक डावीकडे-उजवीकडे हलवणे. इथला प्ले बहुधा टाय रॉड एंडचा असतो.
6. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. जॉइंट ढिले असताना केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यातच बिघडते.

कोणत्या गाडीत काय वेगळे?

एमजीबी (1962-80) गाडीत किंगपिन असतात आणि त्यांना ठरावीक अंतराने ग्रीस द्यावे लागते. अनेक गाड्यांना तारांची चाके असतात. स्पॅनरने तारा हलकेच वाजवाव्यात. बोथट आवाज आला तर ती तार ढिली. ही चाके मशीनवर साध्या कोनाने बसवली तर बॅलन्सिंग चुकते. हबच्या दोन्ही बाजूंच्या उतारावर बसणारे कोन लागतात. मधले डावे-उजवे नट एकमेकांच्या जागी लावू नयेत, त्यांचे आटे उलट असतात.

ट्रायम्फ स्पिटफायरच्या खालच्या ट्रुनियनला ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागते. हे माहीत नसलेला मेकॅनिक ग्रीस भरतो, ते आत सगळीकडे पोहोचत नाही आणि झीज वाढते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनीत स्टिअरिंग बॉक्स आहे, तर एमजीबी आणि स्पिटफायरमध्ये रॅक अँड पिनियन. त्यामुळे पद्मिनीत बॉक्समधला प्लेही तपासावा लागतो.

गाडी तत्काळ कधी थांबवावी?

थरथर अचानक सुरू झाली, दर दिवशी वाढत गेली, चाकाकडून टक-टक आवाज आला, हब हाताला चटका देण्याइतके तापले किंवा एखादी तार तुटलेली दिसली, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. नट ढिला असेल तर चाक निखळू शकते. ट्रुनियन तुटला तर पुढचे चाक आडवे पडते. अशा गाडीसाठी टोइंगचा खर्च हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे.