मागच्या दिव्याचा माग

पुण्याहून हैदराबादकडे जाणारा 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नांदेडहून बिदर, कलबुर्गीमार्गे विजयपूरकडे उतरणारा 50 क्रमांकाचा, हे दोन्ही हुमनाबादला एकमेकांना भेटतात. वाडी-सेडमचं सिमेंट, शहाबादची फरशी, 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूर, असा बराच माल या भागातून महाराष्ट्रात शिरतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे आले, भालकी आणि औराद तिकडेच राहिले. त्यामुळे इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाऱ्हाणं मराठीत ऐकावं लागतं, सामान कन्नडमध्ये मागवावं लागतं, आणि शिव्या दख्खनीत द्याव्या लागतात. बोर्डावर मात्र तिन्ही भाषांत एकच मजकूर चालतो: वायरिंग, बॅटरी, सेल्फ, डायनामो.

या मंडळींकडे येणाऱ्या तक्रारींत ‘रिव्हर्सची बत्ती लागत नाही’ ही सगळ्यात हलकी समजली जाते. तीच कधीकधी दिवसभर पुरते.

पूर्वी या दिव्याचं फारसं अडत नव्हतं, कारण मागे क्लीनर उभा असायचा. तो फाळक्यावर थापा मारत ‘आने दो, आने दो’ ओरडायचा आणि भिंत जवळ आली की दोन थापांत गाडी थांबवायचा. आता कितीतरी ट्रकांवर चालक एकटाच असतो. अंधारात डाळ मिलच्या आवारात किंवा फरशीच्या ढिगाऱ्यांमधून गाडी मागे घेताना हमालाला इशारा देणारं कोणीच नसतं. उरतो तो पांढरा दिवा आणि त्याच्या जोडीचा बझर.

साध्या गिअरच्या ट्रकमध्ये या दिव्याची मांडणी सरळ आहे. गिअरबॉक्सच्या अंगावर पितळी नाण्याएवढा एक स्विच पेचासारखा आवळलेला असतो. रिव्हर्स टाकला की आतला दांडा सरकतो, स्विचचा खुंट दाबतो, करंट मागे जातो. फ्यूज, स्विच, लांबलचक वायर, होल्डर, बल्ब आणि अर्थ: एवढाच संसार. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि इग्निशन चालू केल्यावर दिवा लागला, की स्विच गेला. हे निदान करायला मीटरसुद्धा लागत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत हा स्विच बहुधा सापडतच नाही, आणि नवख्या मिस्त्रीचा पहिला तास तो शोधण्यात जातो. स्वीडनच्या व्होल्वोने 2001 मध्ये आय-शिफ्ट हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणला. क्लच आणि गिअर तिथे आहेतच, पण ते हलवायचं काम चालकाच्या हाताऐवजी हवेच्या दाबावर आणि कंप्युटरवर सोपवलं आहे. भारतीय कंपन्यांच्या ट्रकांतही आता ही सोय मिळते. चालक नॉबवर ‘आर’ निवडतो, गिअरबॉक्सचा कंट्रोलर गिअर खरोखर पडल्याची खात्री करतो आणि तसा निरोप कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवर सोडतो. बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे ठेवलेली ही पद्धत. बॉडीचा कंट्रोलर तो निरोप वाचतो आणि दिव्याला करंट देतो किंवा रिले ओढतो. काही पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर मात्र अजून पोझिशन स्विच असतो. तो सरकला, तर दिव्याबरोबर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू व्हायचंही अडू शकतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून इथे पहिला प्रश्न चालकाला विचारायचा: समोर डॅशवर ‘आर’ दिसतो का, आणि गाडी मागे जाते का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर गिअरबॉक्सला रिव्हर्स पडल्याचं पक्कं ठाऊक आहे. मग त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, दोष निरोपाच्या पुढे आहे. ‘आर’च दिसत नसेल तर दिव्याची वायर चाचपून काही हाती लागणार नाही, आधी स्कॅनर लावावा.

डॅशवर ‘आर’ असेल तर काम शेपटीकडून सुरू करावं. चाकांना अडणी, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू, इंजिन बंद. काही गाड्या इंजिनाशिवाय रिव्हर्स घेत नाहीत. तिथे चालक ब्रेकवर पाय ठेवून केबिनमध्येच बसलेला हवा आणि चाकांमागे कोणीही नको. ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची आणि मागचा बल्ब साधारण 21 वॅटचा, म्हणजे एक बल्ब जेमतेम पाऊण-एक अँपिअर खातो. इतक्या थोड्या करंटलाही हिरवट गंजलेला लग आडवा येतो. चुनखडीची धूळ पावसात भिजून कपलरमध्ये बसते, ती वाळली की पिना खरवडूनच काढाव्या लागतात.

मीटर फसवतो तो नेमका इथे. वायरीतला एकच तार शाबूत असला तरी बल्ब काढलेल्या होल्डरवर मीटर पूर्ण 24 व्होल्ट दाखवतो, आणि मिस्त्री ‘करंट येतोय’ म्हणून पुढे सरकतो. बल्ब लावला की तोच करंट मान टाकतो. त्यामुळे बल्ब जागेवर ठेवून, रिव्हर्स पडलेला असताना, मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थवर आणि दुसरी चासीच्या खरवडलेल्या लोखंडावर धरावी. काटा शून्याजवळ राहिला तर अर्थ ठणठणीत. चार-पाच व्होल्ट दिसले तर दिवा अर्थमध्येच उपाशी मरतोय. मागे नवा रंग मारलेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं, कारण रंगाच्या थरावरच अर्थचा बोल्ट आवळलेला असतो.

चेक लॅम्प हे या धंद्यातलं सगळ्यात प्रामाणिक हत्यार, पण ते दिव्याच्या वायरीपुरतंच. कॅनच्या वायरीत त्याची सुई खुपसणारा माणूस शंभर रुपयांच्या कामाचं हजारोंचं करून बसतो. तिथे बॅटरी सोडवून दोन्ही वायरींमधला रोध मोजावा: दोन टोकांना 120 ओहमचे रोध असल्यामुळे मीटरवर सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 दिसले तर एक टोक तुटलं आहे किंवा एक रोध गेला आहे.

आणखी एक दुखणं मालकांनी स्वतः ओढवून घेतलेलं. रिव्हर्सच्या वायरीला चिमटा काढून बझर, मग कॅमेरा, मग हौसेचा एलईडी बार जोडला जातो. जुन्या गाडीत फार तर फ्यूज उडायचा. नवा कंट्रोलर जास्तीचा भार पाहतो आणि ती वायर मुकाट्याने बंद करतो. अशा वेळी ‘कंप्युटर गेला’ असं ठरवून मोठं बिल फाडण्याआधी ही सगळी बाहेरची जोडणी सोडवून पाहावी. जास्तीचा दिवा हवाच असेल तर तो वेगळ्या रिलेवर, स्वतःच्या फ्यूजसह घ्यावा. आणि दर पावसाळ्यानंतर मागचा कपलर उघडून, पुसून, ग्रीस लावून बंद करावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या खेपेला माल उतरवायला गाडी थांबेल तेव्हा करून टाका.