आधी माळा, मग कैची

फोंडाघाटात गॅरेज बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पत्रा की कौल? दुसरा, कैच्या किती? आणि छप्पर चढून झाल्यावर घरातलं कोणीतरी वर बघून म्हणतं, "एवढी जागा मोकळी आहे, एक माळो काढूया की!" आज मला एवढंच सांगायचं आहे की हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

का, ते बघा. ही घडीची शिडी मी उभी केली. दोन पायांमध्ये ही दोरी. मी वर चढलो की पाय बाहेर सरकू बघतात आणि दोरी त्यांना धरून ठेवते. कैची म्हणजे हेच. वरचे दोन तिरके हात छपराचं वजन घेतात, खालचा आडवा टाय त्यांचे पाय फाकू देत नाही. आता ह्या दोरीवर कोणी ओलं घोंगडं टाकलं तर ती मधे लवणारच. साध्या कैचीच्या टायवर फळ्या टाकून पोती रचणं म्हणजे तेच. तो ओढ सोसण्यासाठी केलेला असतो, वाकण्यासाठी नाही.

दुसरी चूक त्याहून वाईट. माळ्यावर डोकं आपटतं म्हणून टाय कापायचा आणि वर उचलून बसवायचा. दोरी पायांशी न बांधता अर्ध्या उंचीवर बांधली तर तिच्यातला ताण दुप्पट होतो, आणि तिरके हातही वाकायला लागतात. आपली चिऱ्याची भिंत वरून येणारं वजन छान घेते. आडवा रेटा तिला सोसत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्याच मांगरात मी मधला टाय असा उचलला होता. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीचा माथा बाहेर गेला, कौलं सरकली आणि खाली ठेवलेलं भात भिजलं.

थोडा हिशेब करू. गॅरेज १२ फूट रुंद, २० फूट लांब. उतार ३० अंश. चारी बाजूंना दोन-दोन फूट छप्पर बाहेर. मंगलोरी कौलं लागतील सहाशेच्या वर. एक कौल अडीच किलोचं धरलं तर साधारण दीड टन. आता मागच्या अर्ध्या भागात १२ बाय १० फुटांचा माळा. राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ हे मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरायला सांगतं. म्हणजे २२०० किलो! अर्धाच माळा, पण सगळ्या कौलांपेक्षा जड. भाताची पोती थरावर थर रचणार असाल तर २०० सुद्धा पुरणार नाहीत.

मग करायचं काय? माळ्याला त्याच्या स्वतःच्या तुळया द्या आणि त्या भिंतीतल्या आरसीसी पट्ट्यावर टेकवा. एक कैची पुढे, एक मधे, एक मागे, अशी मांडणी केली की माळा मागच्या गाळ्यात बसतो आणि टाय आडवा येतच नाही. माळ्याची जमीन साडेआठ फुटांवर आणि भिंत १२ फूट असेल, तर आढ्याखाली जवळपास सात फूट मिळतात. माणूस ताठ उभा राहतो. पुढचा गाळा मोकळा ठेवा, तिथे शटरची गुंडाळी येते. बघा, भिंतीची उंची आणि कैच्यांच्या जागा, दोन्ही माळ्यानेच ठरवल्या.

आता वारा. माळा स्वतंत्र असल्यामुळे त्याचं वजन छपराला खाली धरून ठेवत नाही. वाऱ्याच्या मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोंच्या आसपास जातो. कौलांचं वजन तेवढ्याच जागेत ३५-४० किलो, पत्र्याचं जेमतेम चार-पाच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात किती छपरं उडाली, ते आपण पाहिलंय. शटर उघडं राहिलं तर वारा आत शिरून छप्पर खालूनही उचलतो. म्हणून प्रत्येक कैची पट्ट्यात आधीच रोवलेल्या बोल्टांनी आवळा. नुसती टेकवून ठेवू नका.

(श्रोत्यांतून प्रश्न : छप्पर झालंय, माळा आता हवाय. मग?)

मग कैचीला हात लावू नका. खाली वेगळे पाये घ्या, चार खांब उभे करा, त्यावर तुळया टाका. थोडी जागा जाईल, थोडा खर्च वाढेल. पण पुढच्या मिरगात भिंतीकडे बघत रात्र काढावी लागणार नाही.