नऊ विजय, तीन पराभव आणि निरोप

२८ नोव्हेंबर २००३ ला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं कोलोरॅडोला ३१-२२ असं हरवलं. हंगामातला तो नववा विजय होता, पराभव तीन. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढून टाकण्यात आलं. अकरा वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०१४ ला, त्याच संघानं आयोवाला जादा वेळेत ३७-३४ असं हरवलं. पुन्हा नऊ विजय, तीन पराभव. दोन दिवसांनी मुख्य प्रशिक्षक बो पेलिनी यांची नोकरी गेली.

नेब्रास्काचे चाहते या दोन निर्णयांवर आजही हिरिरीनं बोलतात. सोलिच यांना काढलं तिथूनच घसरण सुरू झाली, असं एक पिढी म्हणते. पेलिनींना काढणं ही त्याहून मोठी चूक होती, असं दुसरी सांगते. दोघांचेही काढलं जाण्याच्या दिवशीचे आकडे सारखेच असल्यामुळे नुसत्या जय-पराजयावरून हा वाद सुटत नाही. प्रशिक्षक बदलणं ही प्रक्रिया कशी चालते, निर्णय कोण घेतो, त्यासोबत काय काय जातं, हे एकेक पाहिलं तर मात्र बरंच उलगडतं.

बारा शनिवारांचा खेळ

हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, आणि चेंडू बहुतेक वेळा हातात. तो घेऊन पळायचं किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा, आणि इंचाइंचानं मैदान जिंकत जायचं. कॉलेज संघात विद्यार्थी खेळतात. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, बहुतेक शनिवारी, असे एकूण साधारण बारा सामने होतात. त्यांतले साधारण सहा जिंकले तर ‘बोल’ नावाच्या हंगामोत्तर सामन्याचं निमंत्रण मिळतं. एवढ्या थोड्या सामन्यांत एक पराभवही वर्षभर बोचत राहतो.

नेब्रास्का राज्यात मोठ्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघ नाही. राज्याची सारी माया लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या ‘कॉर्नहस्कर्स’ संघावर आहे. तिथलं मेमोरियल स्टेडियम १९२३ साली उघडलं. नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत, आणि ही मालिका ४०० सामन्यांच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना अशा विद्यापीठाच्या गावात पहिल्या शरद ऋतूतच कळून चुकतं, की शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे कपडे घालतं.

एका माणसासोबत काय काय जातं

मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली साधारण दहा सहायक प्रशिक्षक असतात. कुणी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला घडवतो, कुणी त्याला राखणाऱ्या धिप्पाड फळीला. हेच सहायक वर्षभर राज्याराज्यांत फिरून सतरा-अठरा वर्षांचे शाळकरी खेळाडू हेरतात आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलतात. मुलगा विद्यापीठ निवडतो त्यात या ओळखीचा वाटा मोठा असतो. मुख्य प्रशिक्षक गेला की सहायकही बहुधा जातात, कारण नवा माणूस आपली माणसं आणतो. त्या ओळखीही त्यांच्याबरोबर जातात.

दुसरी गोष्ट खेळण्याच्या पद्धतीची. नेब्रास्कानं कित्येक दशकं धावत खेळण्यावर भर दिला. ‘ऑप्शन’ पद्धतीत क्वार्टरबॅक स्वतः पळतो, आणि चेंडू आपल्याकडे ठेवायचा की शेजारच्याला द्यायचा हे क्षणात ठरवतो. त्यासाठी चपळ क्वार्टरबॅक लागतो. फेकीवर उभ्या असलेल्या पद्धतीला अचूक हात लागतो आणि मागे हटत बचाव करणारी फळी लागते. एका पद्धतीसाठी जमवलेले खेळाडू दुसरीत सहज बसत नाहीत. नव्या पद्धतीचा संघ उभा करायला भरतीच्या तीन-चार फेऱ्या जाव्या लागत. २०१८ पासून खेळाडूंच्या स्थलांतरासाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आलं, तेव्हापासून संघ लवकर भरता येतो. तितक्याच लवकर तो रिकामाही होतो.

तिसरी गोष्ट वेळेची. नियमित हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि नव्या खेळाडूंच्या सह्या पूर्वी फेब्रुवारीत होत. २०१७ पासून डिसेंबरमध्येही होतात. या चिंचोळ्या फटीत जुना प्रशिक्षक काढायचा, नवा शोधायचा आणि भरतीही सांभाळायची असते. म्हणून बऱ्याच हकालपट्ट्या नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत होतात.

सांधा न दिसलेली बेचाळीस वर्षं

१९५७ ते १९६१ या पाच हंगामांत बिल जेनिंग्ज यांच्या हाताखाली संघ १५ सामने जिंकला आणि ३४ हरला. १९६२ साली वायोमिंगहून बॉब डेव्हनी आले आणि पहिल्याच हंगामात संघानं नऊ सामने जिंकले. पण १९६७ आणि १९६८ ही दोन्ही वर्षं ६-४ अशी गेली. १९६८ चा शेवट ओक्लाहोमाकडून ०-४७ अशा पराभवानं झाला. लोक वैतागले, बदलाची मागणी झाली. डेव्हनी टिकले, आणि ते टिकण्यामागे एक साधी व्यवस्था होती. प्रशिक्षकाला नेमण्याचा आणि काढण्याचा निर्णय विद्यापीठाचा क्रीडा संचालक घेतो, आणि १९६७ पासून ते संचालकही डेव्हनीच होते.

त्यांनी स्वतः जाण्याऐवजी पद्धत बदलली. टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकाकडे आक्रमणाची नवी रचना सोपवली. १९६९ साली बॉइड एपली यांना खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी नेमलं, तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये असं स्वतंत्र पद जवळजवळ कुठेच नव्हतं. १९७० आणि १९७१ मध्ये नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला.

१९७२ च्या हंगामानंतर डेव्हनींनी संघ ऑस्बर्न यांच्या हाती दिला आणि स्वतः संचालक राहिले. ऑस्बर्न ओक्लाहोमाकडून सलग पाच वर्षं हरले. १९७८ मध्ये पहिल्यांदा जिंकले, आणि त्याच हंगामानंतर कोलोरॅडोकडून आलेला प्रशिक्षकपदाचा प्रस्ताव त्यांनी विचारांती नाकारला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला १९९४ उजाडलं. तो त्यांचा बाविसावा हंगाम होता. १९९५ आणि १९९७ मध्ये आणखी दोन आली. पंचवीस वर्षांत २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. ‘नऊ’ हा आकडा नेब्रास्काच्या मनात बसला तो इथून.

१९९८ मध्ये सोलिच आले तेव्हाही घर तेच राहिलं. डेव्हनींच्या संघातून ते खेळलेले, ऑस्बर्न यांच्याकडे जवळजवळ दोन दशकं सहायक. बहुतेक सहायकही जुनेच. १९६२ ते २००३ या ४२ हंगामांत तीन मुख्य प्रशिक्षक झाले, पण सहायकांची खोली एकदाही पूर्ण रिकामी झाली नाही. शिष्यवृत्तीशिवाय संघात येणारी खेड्यापाड्यांतली ‘वॉक-ऑन’ मुलंही याच सातत्यामुळे घडली. ती मुलं चार-पाच वर्षं थांबून तयार होत, कारण तोवर त्यांना ओळखणारा माणूस तिथेच असे.

पहिला निरोप

सोलिच यांच्या हाताखाली संघ ५८ सामने जिंकला, १९ हरला. २००१ च्या हंगामात तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला, मात्र त्याआधी कोलोरॅडोनं ६२-३६ असं धुतलं होतं आणि अंतिम सामन्यात मायामीनं ३७-१४ असं हरवलं. २००२ मध्ये ७-७. सोलिच यांनी दुरुस्ती केली, बरेच सहायक बदलले आणि बचावासाठी बो पेलिनी यांना आणलं. २००३ चे नऊ विजय त्या दुरुस्तीचं फळ होतं.

दरम्यान डिसेंबर २००२ मध्ये स्टीव्ह पेडरसन हे नवे क्रीडा संचालक झाले होते. आपला संघ सामान्य दर्जाकडे घसरू द्यायचा नाही, ही त्यांची भूमिका. सोलिच यांना काढलं तेव्हा उत्तराधिकारी ठरलेला नव्हता. शोध जानेवारीपर्यंत, सुमारे सहा आठवडे चालला. हंगामी प्रशिक्षक म्हणून पेलिनी यांनी अलामो बोल जिंकला, पण पद गेलं ओकलंड रेडर्सहून आलेल्या बिल कॅलाहन यांच्याकडे. त्यांनी ऑप्शन सोडून व्यावसायिक फुटबॉलमधली फेकीची पद्धत आणली. पहिल्याच हंगामात संघ ५-६ असा राहिला. विजयांपेक्षा पराभव जास्त, असा १९६१ नंतरचा तो पहिला हंगाम. १९६९ पासून दरवर्षी मिळणारं बोलचं निमंत्रणही तेव्हा चुकलं. कॅलाहन यांना न्याय द्यायचा तर २००६ मध्ये त्यांनी नऊ विजय आणि विभागाचं अजिंक्यपद मिळवलं, हेही सांगायला हवं. २००७ मध्ये मात्र कॅन्ससनं ७६ गुण लादले, हंगाम ५-७ असा संपला आणि ते गेले.

दुसरा निरोप

तोवर पेडरसन यांनाही काढलेलं होतं. संचालकपदी आलेल्या ऑस्बर्न यांनी पेलिनींना परत आणलं. सहा पूर्ण हंगामांत त्यांनी प्रत्येक वेळी नऊ किंवा दहा सामने जिंकले आणि प्रत्येक वेळी नेमके चार हरले. त्यांतले काही पराभव जिव्हारी लागणारे होते. २०१२ मध्ये विस्कॉन्सिननं ७०-३१ असं हरवलं, आणि २०१४ मध्ये त्याच संघाच्या मेल्विन गॉर्डननं एकट्यानं ४०८ यार्ड पळून नेब्रास्काला ५९-२४ असं लोळवलं. चाहत्यांविषयी पेलिनी खासगीत शिवराळ बोलल्याची ध्वनिफीत २०१३ मध्ये बाहेर आली होती.

इथे नऊ या आकड्याचा अर्थही बदलला होता. डेव्हनींच्या काळी हंगाम दहा-अकरा सामन्यांचा असे. पेलिनींच्या काळी तेरा-चौदा सामने होत. शिवाय २०११ मध्ये विद्यापीठ टेक्ससमधले संघ असलेला बिग ट्वेल्व्ह गट सोडून बिग टेन गटात गेलं. टेक्ससमधल्या मुलांसमोर खेळण्याची नियमित संधी त्यामुळे गेली आणि भरतीची जुनी वाट अरुंद झाली. ही गोष्ट कुणा एका प्रशिक्षकाच्या नावावर मांडता येत नाही.

पेलिनींच्या जागी आलेले माइक रायली १९ जिंकले, १९ हरले. मग १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून घरी परतला. सेंट्रल फ्लोरिडाला १३-० असा निर्भेळ हंगाम देऊन तो येत होता, तेव्हा आनंदाला पारावार नव्हता. पण नेब्रास्कात १६ विजय आणि ३१ पराभव झाले. २०२१ मधले नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकानं होते. घरचा माणूस आणला की जुनं घर आपोआप परत उभं राहतं, ही आशा तिथे मोडली. तो परतला तेव्हा त्याला घडवणारे सहायक आणि त्यांची व्यवस्था केव्हाच गेली होती.

पैशाचं गणित

करार संपण्याआधी प्रशिक्षकाला काढलं, तर ठरलेली भरपाई द्यावी लागते. तिला ‘बायआउट’ म्हणतात. ही रक्कम ठरावीक तारखांना उतरते. फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ ला, जॉर्जिया सदर्नकडून ४२-४५ अशा पराभवानंतर, काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबलं असतं तर भरपाई सुमारे ७५ लाख डॉलर झाली असती. न थांबल्यामुळे ती सुमारे दीड कोटी झाली. तीन आठवड्यांची किंमत ७५ लाख डॉलर. नव्या प्रशिक्षकाचा शोध लवकर आणि उघडपणे सुरू करता येणं, हा त्यातला फायदा. नोव्हेंबरमध्ये मॅट रूल यांची आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरांवर नेमणूक झाली. २०२४ मध्ये संघ २०१६ नंतर प्रथमच बोल सामना खेळला आणि जिंकला.

खुर्चीच्या वरची खुर्ची

आता पाचही हकालपट्ट्या ओळीनं मांडून पाहा. सोलिच यांना काढलं पेडरसन यांनी. नेमलं त्यांनी नव्हतं. कॅलाहन यांना पेडरसन यांनी नेमलं, काढलं ऑस्बर्न यांच्या कारकिर्दीत. पेलिनींना ऑस्बर्न यांनी नेमलं, काढलं शॉन आयकोर्स्ट यांनी. रायलींना आयकोर्स्ट यांनी नेमलं, काढलं बिल मूस यांनी. फ्रॉस्ट यांना मूस यांनी नेमलं, काढलं ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी. पाचपैकी एकाही प्रशिक्षकाला त्याला नेमणाऱ्या संचालकानं काढलेलं नाही. चाहते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाविषयी भांडत राहतात, आणि त्याचं भवितव्य पुष्कळदा वरच्या खोलीतला माणूस बदलतो तेव्हाच ठरू लागतं. डेव्हनींनी १९९३ पर्यंत संचालकपद सांभाळलं. ऑस्बर्न यांना पाच वर्षं ओक्लाहोमाकडून हरूनही थांबायला मिळालं, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

म्हणून मागे वळून पाहताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. काढणं योग्य होतं का? त्या क्षणी पुढचा माणूस तयार होता का? आणि नव्या माणसाला त्याचे सहायक व त्याची पद्धत रुजेपर्यंत तोच संचालक पाठीशी राहिला का? सोलिच यांच्या बाबतीत, माझ्या मते, तिन्ही उत्तरं ‘नाही’ अशी आहेत. पेलिनींच्या बाबतीत पहिल्या प्रश्नावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. चूक पुढच्या दोन प्रश्नांत झाली. सारख्या आकड्यांचे हे दोन निरोप सारखे नव्हते, ते यामुळे.

सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले, तिथे सोळा वर्षं टिकले आणि २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवडले गेले. त्यांना थांबू देणारं विद्यापीठ त्यांना मिळालं. रूल यांना नेमणारे अल्बर्ट्स मार्च २०२४ मध्येच लिंकन सोडून गेले. तेव्हा पुढचा हंगाम मोजताना नेब्रास्काच्या चाहत्यांनी गुणफलकाइतकंच लक्ष संचालकाच्या खुर्चीकडे द्यावं. गेल्या साठ वर्षांचा त्यांचा स्वतःचा इतिहास हेच सांगतो.