कोरा कागद आणि यंत्रलेखनिक

छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महाराजांनी त्यांना एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. परंतु दिवसभराच्या कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी पत्राची आठवण केली व ते वाचून दाखविण्याची आज्ञा केली. बाळाजींनी दप्तरातून एक कागद काढला आणि तो समोर धरून सारे पत्र अस्खलित वाचून दाखविले. महाराजांना मजकूर पसंत पडला. इतक्यात जवळ उभ्या असलेल्या मशालजीला हसू आवरेना. चौकशी करता उघड झाले, की चिटणिसांच्या हातातील कागद अगदी कोरा होता!

ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कागद कोरा होता, पण वाचणाऱ्याचे मन कोरे नव्हते. पत्र कोणास जावयाचे, कोणत्या कामासाठी जावयाचे आणि महाराजांच्या मनात काय आहे, हे सारे बाळाजींना ठाऊक होते. शब्द तेवढे कागदावर उमटावयाचे राहिले होते.

आज कोरा कागद बहुधा संगणकाच्या पडद्यावर दिसतो. ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने आपण त्यावर मजकूर लिहितो, तिला वर्ड प्रोसेसर म्हणतात. टंकलेखन यंत्रावर एक चूक झाली, तर पुष्कळदा सारे पान पुन्हा टंकलिखित करावे लागे. १९६४ साली आयबीएम या कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र विक्रीस आणले आणि ही यातायात कमी होऊ लागली. पुढे संगणक घरोघरी आले. १९९५ च्या सुमारास लिहिता लिहिताच चुकीच्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ दिसू लागली. तरीही या सर्व काळात यंत्राचे काम हमालाचे वा फार तर तपासनिसाचे होते. मजकूर माणसाचाच असे.

मार्च २०२३ मध्ये गूगल व मायक्रोसॉफ्ट या दोन मोठ्या कंपन्यांनी आपापल्या वर्ड प्रोसेसरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा लेखनसाहाय्यक आणण्याची घोषणा केली. हा साहाय्यक केवळ चुका दाखवून थांबत नाही. ‘अमुक विषयावर पत्र लिही’, ‘हा परिच्छेद थोडक्यात सांग’, ‘ही भाषा औपचारिक कर’ अशी आज्ञा साध्या शब्दांत दिली, की काही क्षणांत तो मजकूर तयार करून समोर ठेवतो. कोऱ्या कागदावरून पत्र वाचणाऱ्या चिटणिसाचीच आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे. मग या यंत्रलेखनिकालाही लिहिणाऱ्याच्या मनातील गोष्ट ठाऊक असते काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी यंत्र वाक्ये कशी रचते, हे पाहिले पाहिजे. त्याची कथा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किन या कवीच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यमय कादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे मोजली. आज हे काम संगणक क्षणार्धात करील. मार्कोव्हने ते हाताने केले! त्याला ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजने आढळली. पण त्याला हवे होते ते निराळेच. कोणत्या अक्षरानंतर कोणते अक्षर येते, हे त्याने पाहिले. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचा संभव शेकडा सुमारे १३ होता, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचा संभव शेकडा सुमारे ६६ होता. म्हणजे आधीचे अक्षर ठाऊक असेल, तर पुढच्या अक्षराविषयी बराच अंदाज बांधता येतो.

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाच विचार शब्दांना लावला. आधीच्या शब्दावरून पुढचा शब्द निवडत त्याने शब्दांची एक माळ गुंफून दाखविली. ती वाचताना चार-पाच शब्दांपर्यंत इंग्रजी भाषा वाचल्याचा भास होई. पुढे मात्र अर्थाचा पत्ता नसे. ही उणीव दूर होण्यास पुष्कळ काळ जावा लागला. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी अशी रचना प्रसिद्ध केली, की तिच्यायोगे यंत्र केवळ शेजारचा शब्द न पाहता मजकुरातील शब्दांचे परस्परांशी असलेले नाते एकाच वेळी हिशेबात घेऊ शकते. आजचे बहुतेक लेखनसाहाय्यक याच रचनेवर उभे आहेत.

अशा यंत्राला प्रथम अफाट मजकूर पुरविला जातो. मजकुराचा काही भाग वाचून ते पुढचा शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, ओळखू पाहते. अंदाज चुकला, की त्याच्या पोटातील अब्जावधी आकड्यांत किंचित फेरफार होतो. ही उजळणी अगणित वेळा चालते. ‘पावसाळ्यात नद्यांना…’ एवढे शब्द उच्चारले, की कोणताही मराठी विद्यार्थी ‘पूर येतो’ असे म्हणून वाक्य पुरे करील. यंत्रही तसेच करते, कारण असंख्य वाक्यांत तो शब्द तेथे आलेला असतो. आता दुसरे वाक्य घ्या: ‘आमच्या आळीतील हातपंप … पासून बंद आहे.’ ही गाळलेली जागा कशी भरणार? जगातील सारे ग्रंथ पालथे घातले, तरी ते उत्तर त्यांत सापडणार नाही. ते त्या आळीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

हाच हातपंप पुढे ठेवून एक उदाहरण पाहू. एका खेड्यातील सातवीत शिकणाऱ्या मुलीने सरपंचांना पत्र लिहावयाचे ठरविले, असे समजा. तिने पडद्यावर चार वाक्ये लिहिली: ‘आमच्या आळीतला हातपंप दिवाळीपासून बंद आहे. आम्ही ओढ्याकाठच्या विहीरीवरून पाणि आणतो. परवा माझी आजी तिथल्या पायऱ्यांवर घसरली. पंप लवकर दुरुस्त करा.’ आपली भाषा साधी आहे, कार्यालयात शोभणार नाही, असे तिला वाटले. म्हणून तिने साहाय्यकाला आज्ञा दिली, ‘हे पत्र चांगल्या भाषेत लिही.’ क्षणात पुढील मजकूर आला:

‘आपल्या परिसरातील नागरिकांना सद्यःस्थितीत पाणीटंचाईच्या गंभीर समस्येस सामोरे जावे लागत आहे. याबाबत वारंवार तोंडी कळवूनही अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही. तरी या विषयाकडे तातडीने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’

या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वाक्ये घोटीव आहेत. कोणाही अनुभवी कारकुनाच्या टेबलावर ती खपून जातील. पण हातपंप कोठे गेला? दिवाळी कोठे गेली? आजी तर पत्रातून नाहीशीच झाली. ‘आळी’ या शब्दाने पंपाचा ठावठिकाणा कळत होता. ‘परिसर’ या शब्दाने तो कळत नाही. याहूनही मोठा घोटाळा ‘पाणीटंचाई’ या शब्दाने केला. गावात पाणी आहे. बिघडला आहे तो पंप. टंचाई असेल तर टँकर मागवावा लागतो आणि पंप बिघडला असेल तर मिस्त्री बोलवावा लागतो. सरपंच कितीही तत्पर असले, तरी हे पत्र वाचून कोणास बोलवावे, हे त्यांना उमजणार नाही. अशा प्रकारच्या पत्रांत ‘समस्या’, ‘नागरिक’, ‘सामोरे जावे लागत आहे’ हे शब्द वरचेवर येतात. म्हणून यंत्राने ते आणले. जे एकदाच घडले, एका आळीत घडले, ते अंदाजाच्या गणितात टिकले नाही.

आणखी एक शब्द बारकाईने पाहिला पाहिजे. मुलीने ‘आमच्या’ लिहिले होते, यंत्राने ‘आपल्या’ केले. मराठीत ‘आम्ही’ म्हटले म्हणजे ऐकणारा त्यात येत नाही आणि ‘आपण’ म्हटले म्हणजे तोही येतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे, हिंदीतही सामान्यतः एकच चालतो. यंत्रांना पुरविलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अगदी थोडा असतो. त्यामुळे असे भेद त्यांच्याकडून पुष्कळदा सुटतात. हिंदीच्या वळणाची वाक्ये मराठी म्हणून पुढे येतात, आणि गावाकडच्या अस्सल शब्दाखाली तांबडी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे शब्द चूक असल्याचा निवाडा नव्हे. तो शब्द यंत्राच्या ओळखीचा नाही, एवढाच तिचा अर्थ.

पण या तिन्ही वाक्यांत सर्वांत गंभीर दोष मधल्या वाक्यात आहे. ‘वारंवार तोंडी कळवूनही’ असे त्यात म्हटले आहे. मुलीने तसे कोणासही कळविलेले नव्हते! तक्रारीच्या पत्रात हे वाक्य सहसा असते, म्हणून ते आले. यंत्राला खोटे बोलण्याची इच्छा नसते. त्याला इच्छाच नसते. परंतु पत्राखाली सही मुलीची असणार, आणि ‘तुम्ही कधी सांगितले होते?’ असे सरपंचांनी विचारले, तर मान खाली घालण्याची पाळी तिच्यावरच येणार.

मोठ्या माणसांवरही असा प्रसंग ओढवलेला आहे. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथील एका न्यायालयात दोन वकिलांनी आपल्या अशिलाच्या बाजूने जुन्या निवाड्यांचे दाखले सादर केले. त्यांतील काही निवाडे कोठेच सापडेनात. ते दाखले अशाच प्रकारच्या एका यंत्राने रचून दिले होते. नावे, क्रमांक, न्यायालयाची भाषा, सारे काही अगदी खऱ्यासारखे होते. निवाडे मात्र अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी वकिलांना व त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड ठोठावला. यंत्राचा वापर केला म्हणून हा दंड झाला नाही. खातरजमा न करता मजकूर आपला म्हणून पुढे केला आणि शंका घेतली गेल्यावरही ते त्यालाच धरून राहिले, म्हणून झाला.

तर मग हा साहाय्यक टाकाऊ समजावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला लांबलचक शासकीय परिपत्रक समजत नाही, त्याला त्याचा गोषवारा मिळतो. मात्र तो मूळ परिपत्रकाशी ताडून पाहिला पाहिजे. ज्याची मातृभाषा मराठी नाही, त्याला वाक्यरचनेत आधार मिळतो. मजकुराची मांडणी बदलणे, विषयाची ओळ सुचविणे ही कामे तो झटपट करतो. एक खबरदारी मात्र सर्वांनीच घ्यावयास हवी. साहाय्यकाला दिलेला मजकूर बहुधा दूरच्या संगणकांकडे जातो. म्हणून घरातील खासगी गोष्टी, दूरध्वनीचे आकडे, कोणाच्या आजारपणाची हकिकत असा मजकूर त्याच्या हवाली करू नये. विद्यार्थ्यांनी तर वडीलधाऱ्यांच्या व शिक्षकांच्या अनुमतीनेच त्याचा उपयोग करावा.

हातपंपाच्या पत्राचेच पाहा. मुलीने यंत्राचा मजकूर पुसून आपली चार वाक्ये परत आणली आणि निराळी आज्ञा दिली: ‘माझी वाक्ये बदलू नकोस. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दाखव, आणि हे पत्र वाचून सरपंचांना कोणते प्रश्न पडतील, ते सांग.’ आता यंत्राने दोन चुका दाखविल्या: ‘विहीरीवरून’ नव्हे, ‘विहिरीवरून’, ‘पाणि’ नव्हे, ‘पाणी’. दोन्ही दुरुस्त्या तिने व्याकरणाच्या पुस्तकात पडताळून पाहिल्या. त्या बरोबर होत्या. पुढे त्याने तीन प्रश्न काढले. पंप नेमका कोठे आहे? त्यात बिघाड कोणता झाला आहे? तो किती घरांच्या उपयोगाचा आहे?

प्रश्न चांगले होते, पण त्यांची उत्तरे पडद्यावर नव्हती. मुलगी उठली आणि पंपाकडे गेली. दांडा खाली-वर होत होता, पण हाताला भार लागत नव्हता. शेजारच्या काकांनी पंपाच्या डोक्यावरचे झाकण उघडून दाखविले; आतील साखळी तुटलेली होती. घरे तिने स्वतः मोजली. परत येऊन तिने पत्र पुरे केले ते असे:

मा. सरपंच, ग्रामपंचायत कार्यालय, यांस,

विषय: हातपंपाची दुरुस्ती.

आमच्या आळीतला, मारुतीच्या देवळामागचा हातपंप दिवाळीपासून बंद आहे. त्याची साखळी तुटली आहे. आळीतील अकरा घरे या पंपाचे पाणी भरत होती. आता आम्ही ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणतो. तिथल्या पायऱ्या निसरड्या आहेत. परवा माझी आजी तिथे घसरली व तिच्या गुडघ्याला लागले. याविषयी आम्ही यापूर्वी कळविलेले नाही. कृपया मिस्त्री पाठवून पंप दुरुस्त करावा.