जुना प्रोजेक्टर घेताना आधी उरलेला उजेड मोजा

आजचा विषय आहे घरच्या सिनेमासाठी सेकंडहँड प्रोजेक्टर. आमच्या दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी घरांतून हा प्रश्न फार येतो, आणि त्याचं कारणही उघड आहे. मराठी चित्रपट इथल्या थिएटरात लागलाच तर अडनिड्या वेळेला एखाद-दुसरा खेळ असतो. पुढे तो ओटीटीवर येतो, तेव्हा आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून तो मोठ्या पडद्यावर बघावा असं वाटतं. ५५ इंची टीव्हीपेक्षा १०० इंची पडदा क्षेत्रफळाने तिपटीहून मोठा. नव्या चांगल्या प्रोजेक्टरची किंमत ऐकली, की पावलं जुन्या बाजाराकडे वळतात.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. जुन्या प्रोजेक्टरची खरी किंमत त्यात उजेड किती उरला आहे यावर ठरते. तो उजेड तुम्हाला किती लागतो, हे घरी बसून कागदावर काढता येतं. दुकानात जायचं ते त्यानंतर.

वर्षाचे तास मोजा

जुन्या बाजारातल्या बहुतेक प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा लॅम्प असतो. त्याचं आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास, इको मोडवर थोडं जास्त. आयुष्य संपलं म्हणजे लॅम्प लगेच विझला असं नाही. उजेड निम्म्यावर आला, की कंपनी आयुष्य संपलं असं धरते.

आता तुमचा वापर बघा. आठवड्याला अडीच तासांचे दोन चित्रपट म्हणजे वर्षाला २६० तास. १३०० तास शिल्लक असलेला लॅम्प तुम्हाला पाच वर्षं पुरेल. पण तोच प्रोजेक्टर टीव्हीसारखा रोज चार तास चालवलात, तर वर्षाला १४६० तास होतात आणि लॅम्प वर्षाच्या आत संपतो. म्हणून मालिका, बातम्या आणि क्रिकेट रोज बघणाऱ्याने टीव्हीच घ्यावा. प्रोजेक्टर चित्रपटासाठी.

दुकानदार सांगतो त्या किमतीत नव्या लॅम्पची किंमतही मिळवा. समजा यंत्र १२,००० रुपयांना आहे आणि लॅम्प ६,००० रुपयांचा. मग तो सौदा १८,००० चाच समजा. त्या मॉडेलचा लॅम्प बाजारात मिळतच नसेल, तर यंत्र फुकट मिळालं तरी नको.

खोली मोजा

१०० इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून किंचित जास्त उंच. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. पडद्याच्या रुंदीला त्याने गुणलं की अंतर मिळतं. रेशो १.५ असेल तर साधारण ११ फूट लागतात. यंत्राची स्वतःची लांबी आणि मागच्या वायरी धरल्या, तर १२ फुटांच्या खोलीत ते जेमतेम बसेल. रेशो २ असेल तर साडेचौदा फूट, म्हणजे फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये शक्यच नाही. टेप घेऊन भिंत ते भिंत मोजा आणि आकडा खिशात ठेवा.

दुसरी बाब अंधाराची. सिनेमागृहाच्या पडद्यासाठी जो प्रमाण उजेड ठरलेला आहे, तेवढा घरच्या १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर पाडायला जवळपास ५०० खरे ल्यूमेन पुरतात. ऐकून आश्चर्य वाटेल, पण ऑफिसातून निघालेला ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर निम्मा झिजला तरी अंधाऱ्या खोलीत भरपूर होतो. खिडकीतून ऊन येत असेल किंवा ट्यूबलाइट चालू असेल, तर मात्र नवाकोराही फिकाच दिसेल. तेव्हा जास्त ल्यूमेनवर पैसे घालण्याऐवजी जाड, गडद पडद्यांवर घाला.

लेबलवरचे आकडे वाचायला शिका

पाच-सात हजारांत मिळणाऱ्या अनेक नव्या एलईडी प्रोजेक्टरांच्या खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' आणि हजारो ल्यूमेन छापलेले असतात. 'सपोर्ट' याचा अर्थ एवढाच, की यंत्र तो सिग्नल स्वीकारतं. पडद्यावर दिसतं ते आतल्या पॅनेलच्या मूळ रेझोल्यूशनने, म्हणून विचारायचं ते 'नेटिव्ह रेझोल्यूशन'. ल्यूमेनच्या आकड्यापुढे 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

जुन्या यंत्रांत मॉडेलच्या नावावरूनच बरंच कळतं. एपसनच्या 'ईबी' मालिकेत पुढचं अक्षर साधारणपणे एस असेल तर ८०० बाय ६००, एक्स असेल तर १०२४ बाय ७६८, डब्ल्यू असेल तर १२८० बाय ८०० आणि यू असेल तर १९२० बाय १२००. बेनक्यूमध्ये याच क्रमाने एमएस, एमएक्स, एमडब्ल्यू, आणि एमएच म्हणजे १९२० बाय १०८०. एस आणि एक्स ही यंत्रं ऑफिसातल्या स्लाइडसाठी केलेली. एक्सवर रुंद चित्रपट लावला, की पॅनेलचा पाव भाग काळ्या पट्ट्यांत वाया जातो. बजेट तोकडं असेल तर डब्ल्यू चालेल. जमत असेल तर १०८० घ्या.

दुकानातला अर्धा तास

फौजेत वस्तू बाद करायची तर अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं. आधी वस्तू बघायची, मग कागद, आणि मगच सही. तुम्हीही तसंच करा. सोबत लॅपटॉप न्या. त्यात पूर्ण पांढरं, पूर्ण काळं आणि बारीक अक्षरांचं अशी तीन चित्रं ठेवा.

१. यंत्र थंड असताना स्वतः सुरू करा. लॅम्प पहिल्या प्रयत्नात पेटला पाहिजे.

२. पांढरं चित्र लावा. एलसीडी यंत्रात पिवळे किंवा निळसर डाग दिसले, तर आतले भाग उष्णतेने भाजले आहेत. नाही म्हणा.

३. काळं चित्र लावा. डीएलपी यंत्रात पांढरे ठिपके चमकले, तर आतली सूक्ष्म आरशांची चिप जात चालली आहे. आज चार ठिपके असतील तर उद्या चाळीस होतील. चिप बदलणं बहुधा परवडत नाही. एलसीडीत धूसर रंगीत गोल दिसला तर ती धूळ असते, ती साफ होऊ शकते. पण तेवढी किंमत कमी करून घ्या.

४. अक्षरांचं चित्र लावा आणि चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का ते बघा.

५. आता अर्धा तास चालू ठेवा. उजेड थरथरतो का, तापमानाचा दिवा लागतो का, पंखा घरघरतो का? इको मोडवरही बघा. थकलेला लॅम्प तिथे जास्त लुकलुकतो.

मेनूमधला लॅम्पच्या तासांचा आकडा जरूर बघा, पण तो पुरावा मानू नका. लॅम्प बदलल्यावर तो शून्य करायची सोय असते, आणि लॅम्प न बदलताही कोणी ती वापरू शकतो. एचडीएमआयचं सॉकेट आहे ना, केबल हलवल्यावर चित्र जात नाही ना, हेही तपासा. फक्त व्हीजीए असलेलं यंत्र घेऊ नका. ओटीटीची स्टिक त्याला थेट लागत नाही आणि कन्व्हर्टर लावूनही कॉपी-संरक्षणामुळे अनेकदा पडदा काळाच राहतो.

बाजार आणि कागद

दिल्लीत नेहरू प्लेस आणि लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट ही फिरण्याची ठिकाणं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, बेंगळुरूकरांना एसपी रोड. कुठेही गेलात तरी तीन दुकानं बघितल्याशिवाय पैसे काढू नका. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, निदान पंधरा दिवसांची बदलून देण्याची हमी त्याच कागदावर घ्या. रिमोट मूळचा मागा, कारण अनेक यंत्रांचा निम्मा मेनू त्याच्याविना उघडत नाही. ऑनलाइन जाहिरातीवरून घेत असाल तर यंत्र चालताना बघेपर्यंत एक रुपयाही आगाऊ पाठवू नका.

घरी आणल्यावर

एनसीआरच्या सोसायट्यांत वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. टीव्हीला त्याचं काही नाही, पण प्रोजेक्टरचा तापलेला लॅम्प आणि पंखा एकदम बंद होणं वाईट. लॅम्प गार होईपर्यंत पुन्हा पेटतही नाही. म्हणून १ केव्हीएचा यूपीएस लावा. बंद करताना रिमोटने करा आणि पंखा थांबेपर्यंत स्विच काढू नका. आमच्याकडे मे-जूनमध्ये धुळीचे वारे आणि थंडीत धुरकं असतं, म्हणून एलसीडी यंत्राचा फिल्टर महिन्याला साफ करा. यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरकं ठेवून मेनूतून चित्र चौकोनी केलं तर पॅनेलचे काही पिक्सेल वाया जातात. आवाजासाठी वेगळा स्पीकर लागेलच, यंत्रातला नावापुरता असतो.

लॅम्प कधी आत फुटलाच, तर प्लग काढा, खिडक्या उघडा आणि काही वेळ सगळ्यांना खोलीबाहेर ठेवा, कारण त्यात पारा असतो. जुना लॅम्प कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.

तर वर्षाचे तास, खोलीची लांबी आणि पॅनेलचं मूळ रेझोल्यूशन हे तीन आकडे कागदावर लिहूनच बाजारात जा. यांतला एक जरी जुळला नाही, तर किंमत कितीही उतरली तरी हात जोडून पुढच्या दुकानात चला. जुना प्रोजेक्टर घेणाऱ्याला घाई नसते, विकणाऱ्याला असते. एवढं लक्षात ठेवलं तरी पेन्शनीतले किंवा पगारातले पैसे सत्कारणी लागतील. तुमच्या खोलीची मापं आणि पाहिलेलं मॉडेल लिहून कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. जय हिंद.