मुठीत मावणारे प्राणी

धोतराला किंवा नऊवारी लुगड्याला खिसा नसतो. म्हणून आपल्याकडे पैसे कनवटीला लावत आणि पान-तंबाखूची चंची कमरेला खोचत. जपानच्या किमोनो या पारंपरिक पोशाखासही खिसा नसतो. तेथील पुरुष तंबाखूचा बटवा किंवा औषधाची डबी दोरीला बांधून ती दोरी कमरपट्ट्यामागून वर ओढून घेत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक गुंडी बांधलेली असे. ती पट्ट्याच्या काठावर अडून राही. या गुंडीस 'नेत्सुके' असे म्हणतात.

इ. स. १६०३ ते १८६८ या एदो कालखंडात या साध्या गुंडीचे शिल्प झाले. देव, राक्षस, कोळी, भिकारी असे अनेक विषय कारागिरांनी हाताळले. परंतु त्यांचे खरे कौशल्य दिसते ते प्राण्यांत. जपानी कालगणनेत प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. उंदीर, बैल, वाघ, ससा, सर्प, माकड अशा या बारा प्राण्यांची नेत्सुके फार लोकप्रिय होती.

प्राणी कोरताना कारागिरापुढे एक अडचण असे. उभी शिंगे, पसरलेले पाय किंवा लांब शेपूट रेशमी वस्त्रात अडकून ते फाटेल आणि तो अवयवही मोडेल. त्यामुळे प्राणी अंग चोरून बसलेला हवा. मग बैल पाय पोटाखाली घेऊन बसला, त्याची शिंगे मानेलगत वळली, उंदराची शेपूट त्याच्याच अंगाभोवती फिरली. बंधनामुळेच हे प्राणी जिवंत वाटतात, असे मला वाटते. कारण थंडीत झोपलेले जनावर असेच अंग आखडून घेते. दोरी ओवण्याची दोन छिद्रे पोटाखाली असत. काही चतुर कारागीर छिद्रे न पाडता पाय आणि पोट यांमधील फटीतूनच दोरी नेत. वाघ मात्र जपानच्या रानात नव्हता. तो चिनी चित्रांवरून कोरला गेला.

ओसाका येथे १७८१ मध्ये छापलेल्या एका ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. क्योतोच्या तोमोतादाचे बैल इतके नावाजलेले होते की, त्यांच्या नकला तेव्हाच होऊ लागल्या होत्या.

ही शिल्पे लाकूड, हरणाचे शिंग, रानडुकराचा सुळा आणि हस्तिदंत यांत कोरली जात. बोटभर ससा घडवण्यासाठी हत्तीचा सुळा लागावा, हे आज मनाला टोचते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे.

१८६८ नंतर जपानमध्ये पाश्चात्त्य कपडे आले आणि त्यांबरोबर खिसेही आले. नेत्सुकेची गरज सरली व ती परदेशी संग्राहकांच्या कपाटांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नक्षीदार अडकित्ते पाहतानाही असेच वाटते. रोजच्या वापरातील त्या वस्तूलाही कारागिराने घोड्याचे, पोपटाचे रूप दिले. आता ती काचेआड आहे.

खूप वापरलेले नेत्सुके जाणकार लगेच ओळखतात. कापडाला आणि हाताला जी बाजू वर्षानुवर्षे घासली गेली, तिच्यावरील केसांच्या रेषा पुसट होऊन ती गुळगुळीत झालेली असते.